तळघर : तपासले नाही

त्या घरापायी टॅम्सिनने एका हिवाळ्यात जेवढी चिडचिड केली, तेवढी उभ्या आयुष्यात केली नसेल.

घर तसं साधंच. हॅलिफॅक्सच्या चढावर, धुराने काळ्या पडलेल्या दगडी घरांच्या रांगेतलं शेवटचं. वर दोन खोल्या, खाली दोन, आणि त्यांच्याखाली तळघर. तिथे एकटी राहणारी म्हातारी वर्षापूर्वी वारली होती आणि दूर परदेशात, कॅनडात राहणाऱ्या पुतण्याला ते विकून मोकळं व्हायचं होतं. टॅम्सिनला सातवा महिना लागला होता. भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाळणा ठेवायला जी एकच भिंत होती, तिच्यावर काळी बुरशी. त्यात घरमालकाने फेब्रुवारीअखेर जागा सोडा म्हणून कळवलेलं. आयुष्यातलं पहिलं घर निवांतपणे निवडायची चैन या दोघांच्या नशिबी नव्हती.

भांडणाला सुरुवात झाली ती सर्व्हेवरून, म्हणजे विकत घेण्याआधी घराची जी तपासणी करून घेतात तिच्यावरून.

"बँकेचा माणूस येऊन गेला ना? मग आणखी कशाला?" तिचा नवरा जोएल म्हणाला. तो बस चालवायचा; प्रत्येक गोष्ट वेळापत्रकाप्रमाणे सुटली पाहिजे, असा त्याचा स्वभाव.

"तो फक्त बँक बुडणार नाही ना एवढंच बघतो. छप्पर कोसळलं तर आपल्या डोक्यावर कोसळणार आहे, बँकेच्या नाही."

सर्व्हे तीन प्रकारचे होते. एक वरवरचा, एक मधला, आणि एक अगदी कौलांपासून पायापर्यंत कसून केलेला. घर सव्वाशे वर्षांचं, म्हणून टॅम्सिनला कसून केलेला हवा होता. जोएलला वरवरचा पुरेसा वाटत होता. तीन संध्याकाळी वाद घालून दोघांनी मधला ठरवला, म्हणजे दोघंही सारखेच नाराज झाले.

अहवाल आला तो चाळीस पानांचा. पानापानावर 'शक्यता नाकारता येत नाही' आणि 'तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा'. एकोणिसाव्या पानावर मात्र तीनच शब्द होते. 'तळघर : तपासले नाही.'

तिने सर्व्हे करणाऱ्या कंपनीत फोन लावला.

"तपासता आलं नसेल म्हणून तसं लिहिलंय," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"का आलं नाही?"

"ते काही लिहिलेलं नाहीये."

"अहो, मग त्यांना विचारा ना!"

"ते रजेवर गेलेत."

टॅम्सिनने फोन ठेवला आणि उशी उचलून भिंतीवर फेकली. मग तिने ओल तपासणाऱ्या एका माणसाला गाठलं. तळघर बघणं हेच ज्याचं काम, तो तरी टाळणार नाही. त्याने सगळ्या भिंतींना यंत्र लावलं, आकडे लिहिले, आणि शेवटी ठोकून दिलं, 'तळघरात गेलो नाही.'

"दाराला कुलूप होतं का?" तिने फोनवर विचारलं.

"नाही. उघडंच होतं."

"दिवा लागत नव्हता?"

"लागत होता की."

"मग?"

"मी त्यांना म्हटलं होतं, नंतर येतो म्हणून... पण मग वेळच मिळाला नाही."

"त्यांना म्हणजे कोणाला?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर त्याने उचललाच नाही.

"भामटे आहेत सगळे," टॅम्सिन म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणून खाली उतरत नाहीत, आणि भरायचं आपण." रागाच्या भरात तिने तो सगळ्यात कसून केला जाणारा सर्व्हेही ठरवून टाकला.

हे काम मिस्टर पिकर्सगिल यांच्याकडे आलं. चाळीस वर्षं घरं तपासण्यात गेलेली, वयाने साठीच्या पुढचे. "घरात जिथे म्हणून डोकं घालता येईल, तिथे मी घालेन," त्यांनी शब्द दिला, आणि पाळलाही. कोणत्या कौलाला तडा आहे, धुराड्यात कोणत्या पक्ष्याचं घरटं आहे, इथपर्यंत सगळं अहवालात होतं. तळघराच्या पानापर्यंत.

'तपासले नाही.'

टॅम्सिनने त्यांना फोनवर काय काय सुनावलं, ते सांगण्यासारखं नाही. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं.

"पण पोरी," ते जरा अवघडून म्हणाले, "तिथे ते गृहस्थ बसले होते ना."

"कोण गृहस्थ?"

"पायऱ्यांवर. बूट काढत होते. नाड्या ओल्या होत्या, सुटत नव्हत्या त्यांच्याच्याने. म्हटलं, होऊ दे सावकाश. वीस मिनिटं थांबलो मी. वयस्कर माणसाला ऊठ तरी कसं म्हणायचं?"

"मिस्टर पिकर्सगिल... ते घर वर्षभर रिकामं आहे."

"मला वाटलं, पुतण्या असेल," ते म्हणाले.

जोएलचं म्हणणं, कोणीतरी बेघर माणूस थंडीचा आत घुसला असणार. शनिवारी त्याने एजंटकडून किल्ली आणली. दुपारी दोन वाजता पिकर्सगिलसह तिघंही तिथे पोचले. डिसेंबरातली दुपार ती. आभाळ छपराला टेकल्यासारखं खाली आलेलं आणि उजेड नुसता नावाला. घरात शिरताच वास आला. भिजलेल्या लोकरीचा आणि बुटांच्या पॉलिशचा. रिकाम्या घराला असा वास येत नाही, हे टॅम्सिनला कळत होतं. पण तिला भीतीपेक्षा संतापच जास्त होता. तिला पाळणा ठेवायला एक कोरडी भिंत हवी होती, बस्स.

जोएल वरच्या खोल्या बघायला गेला. त्याच्या पावलांनी डोक्यावरच्या फळ्या करकरत होत्या. पिकर्सगिलनी जिन्याखालचं दार उघडलं, दिव्याचं बटण दाबलं आणि ते जागच्या जागी थांबले.

"आहेत," ते कुजबुजले.

टॅम्सिनने वाकून पाहिलं. बारा दगडी पायऱ्या, चुन्याची भिंत, लोंबता बल्ब. पायऱ्या मधोमध झिजलेल्या. "कुठे आहेत?"

"सहावी पायरी... आज बूट चढवतायत."

"कोणी नाहीये तिथे! तुम्ही सगळे मिळून माझी थट्टा करताय का?"

म्हाताऱ्याने टोपी काढून हातात धरली, एवढंच.

आता मात्र तिची हद्द झाली. एका हाताने पोट सावरत आणि दुसऱ्याने भिंत धरत ती स्वतःच तरातरा उतरू लागली. वरची थंडी मागे राहिली. बल्ब हलत नव्हता, तरी सावल्या किंचित हलत होत्या. तळाशी पोचून तिने चहूकडे पाहिलं. कोरडी फरशी, दगडी ओटा, रस्त्यावरून कोळसा आत ओतायचं भोक विटांनी बुजवलेलं. बाहेर जायला दुसरी वाट नाही. ओल नाही, बुरशी नाही, काही नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपण पायऱ्या सरळ उतरलोच नाही. मध्येच आपण भिंतीला चिकटलो, कोटाचा घोळ गोळा केला, आणि बसमध्ये म्हणतो तसं सहज म्हणालो, "सॉरी हं... जरा जाऊ द्या."

वर दारात आता पिकर्सगिल दिसत नव्हते.

"जोएल..." तिने हाक मारली. "जोएल, खाली ये!"

जोएल धाडधाड बूट वाजवत, पायऱ्यांच्या मधोमध उतरत आला. वाटेत त्याला काहीच आडवं आलं नाही. "बघ, रिकामं आहे सगळं. उगाच या म्हाताऱ्याच्या नादी लागलीस." त्याने तिचा दंड धरला आणि तिला वर आणलं. ती डोळे मिटून चढली.

बाहेर येऊन तिने मोकळा श्वास घेतला. समोर पिकर्सगिलांची गाडी कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होत होती. मागे जोएल दार धरून उभा होता. कुलूप लावायचं सोडून तो बाजूला सरकला, दार आणखी थोडं उघडलं आणि म्हणाला, "सावकाश. पायरीवर बर्फ आहे." मग त्याने किल्ली फिरवली.

"कोणाशी बोललास?"

"पिकर्सगिलशी. माझ्या मागेच तर होते."

तिने रिकाम्या रस्त्याकडे बोट दाखवलं. जोएलने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं.

"चल, बस गाडीत," तो वैतागून म्हणाला. "गारठलोय मी. आणि हे घर आपल्याला नको."

ती एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदाच वाद न घालता बसली. दोघांनी पट्टे लावले. जोएलने गाडी सुरू केली आणि लगेच घंटी वाजू लागली. काचेखालचा लाल दिवा सांगत होता, मागच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावलेला नाही.

पर्स टॅम्सिनच्या मांडीवर होती. मागे साधी पिशवीसुद्धा नव्हती.

"आता ही गाडी पण!" जोएलने मुठीने डॅशबोर्डवर दणका दिला. "सगळंच बिघडलंय मेलं!"

घंटी वाजतच राहिली. टॅम्सिन समोर बघत होती. मान वळवायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

मग मागून 'खट्' असा बारीक आवाज झाला, आणि घंटी थांबली.