शेजारची खाट

भाषण मी सकाळपासून घोकत होते, आणि मला बोलवायची वेळ जवळ आली तशी चक्क स्वयंपाकघराकडे पळाले. दार ढकललं, आणि सूपच्या ट्रेवर आदळणारच होते...

“अहो, हळू! इथं सगळं तापलंय,” पांढऱ्या टोपीतला आचारी म्हणाला, “माझ्या डोक्यासकट.”

हृदयविकार असलेल्या मुलांच्या उपचारांसाठी निधी उभारायचा म्हणून ते जेवण ठेवलं होतं. हॉलमध्ये बडी मंडळी बसली होती. लहानपणी ऑपरेशन होऊन बरी झालेली मुलगी म्हणून मी चार शब्द बोलायचे होते.

“पाणी देता का? घसा कोरडा पडलाय.”

त्यानं पेला पुढे केला आणि माझ्याकडे बघतच राहिला. “हनुवटीवर तीळ... चिमणी? मुलांच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट?”

चिमणी मला फक्त वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या. आणि शेजारच्या खाटेवर होता—

“बंड्या? माझी जेली खाणारा?”

“खाणारा काय! तूच द्यायचीस. आवडत नाही म्हणून.”

“आवडायची. तू रडायचास, म्हणून द्यायचे.”

तो हसला. फिनेलचा वास, चादरीत तोंड खुपसून दाबलेलं हसू, आणि त्याला घरी सोडलं त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून काढलेली दुपार... सगळं एकदम दाटून आलं.

“जा, बोल,” तो हळूच म्हणाला. “मी दारात उभा राहतो. त्यांच्याकडे नको, माझ्याकडे बघ.”

घोकलेलं अक्षरही आठवलं नाही. शेजारच्या खाटेवर हसणारं कुणी असलं की सुई कमी टोचते, एवढंच सांगितलं. दारात एक आचारी एप्रनला डोळे पुसत होता.

मग तो वरचेवर भेटायला लागला. कधी माझ्या ऑफिसच्या जिन्यात, कधी नदीकाठच्या बाकावर... दरवेळी हातात डबा. एकदा मी डबा उघडलाच नाही.

“ऐक ना... माझ्या हृदयाची झडप पुन्हा बदलावी लागणार आहे. म्हणून मी कुणाला अडकवत नाही.”

“मी काही विचारलंय का?”

“नाही.”

“मग आधीच नकार कशाला देतेस?” त्यानं माझा हात हातात घेतला. त्याची बोटं भाजून भाजून खरखरीत झाली होती. “अगं, माझ्याही छातीवर टाक्यांची खूण आहेच की. घाबरायचंच तर दोघं मिळून घाबरू.”

आज इतक्या वर्षांनीही त्या ऑपरेशननंतरची सकाळ मला लख्ख आठवते. डोळे उघडले तेव्हा खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं. खुर्चीत तो मान टाकून झोपला होता, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. आई माझ्या कपाळावर हात ठेवून कुजबुजली, “जावयाला उठवू का गं? कालपासून पोटात अन्नाचा कण नाही त्याच्या.”

“आई... जावई?” माझा आवाज जेमतेम फुटला.

खुर्चीतून, डोळे न उघडताच, उत्तर आलं—

“सासूबाई म्हणतात तर ऐकायला हवं!”

हसले, तर टाके असे ठणकले म्हणता... तरी हसतच राहिले.