तीन नंबरचा कॅमेरा

शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून प्रियंका फाटकाशेजारच्या भिंतीला भोक पाडत होती, तेवढ्यात खालून कुणीतरी विचारलं, "कोण तुम्ही? आन् आमच्या भिंतीला भोकं कामून पाडायलात?"

तिनं ड्रिल मशीन बंद करून खाली बघितलं. काखेत वह्यांचा गठ्ठा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि स्वतःच्याच घरासमोर पाहुण्यासारखा अवघडून उभा असलेला एक तरुण मास्तर.

"मी चोर न्हाई," ती म्हणाली. "चोर दिसावा म्हणून आलेय. शिडी धरता का जरा? हालायलीय."

त्यानं वह्या कट्ट्यावर ठेवल्या आणि शिडी धरली. धरली ती धरलीच. कॅमेरा बसला, वायर पट्टीत गेली, हत्यारं पिशवीत गेली, तरी याचे हात शिडीवरच. शेवटी, "सर, मी उतरले," असं तिला जमिनीवर उभं राहून सांगावं लागलं.

मास्तरांचं नाव श्रीवत्स. कमलनगरच्याच शाळेत गणित शिकवायचा. कॅमेरे त्यानं मागवलेच नव्हते. मागवले होते थोरल्या भावानं, श्रीहरीनं, पुण्यात बसून. वडील गेल्यापासून श्रीहरीला आईची काळजी लागली होती, आणि ती त्यानं एका वाक्यात मिटवली होती. एक तर घराला कॅमेरे बसवायचे, नाही तर आईनं पुण्याच्या फ्लॅटमध्ये येऊन राहायचं. सुमतीबाईंनी कॅमेरे पत्करले. पुण्यात चौथ्या मजल्यावर सकाळचं ऊन कुठून यायचं?

त्या दिवशी प्रियंकानं चार कॅमेरे बसवले. फाटकावर एक, घराच्या बाजूच्या बोळाला दोन नंबरचा, मागच्या ओट्यावर तीन नंबरचा आणि बैठकीत चौथा. कुठला किती वाकवायचा हे श्रीहरी फोनवरून सांगत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. "मागचा अजून खाली घ्या, ओटा पूर्ण दिसू द्या," असं तो म्हणाला, तिनं तसं केलं. त्या ओट्यावर रोज बसतं कोण, हे मात्र तिनं घरात कुणालाच विचारलं नाही. बीदरच्या दुकानात तिच्या कामाचं नाव होतं, तरी ही चूक तिच्याकडून झाली.

चहाच्या आधी सुमतीबाईंनी तिचं पूर्ण नाव विचारलं. आपल्याकडे विचारतातच. प्रियंकानं आडनावासकट सांगितलं, आवाज न उतरवता. सुमतीबाई थोड्या थांबल्या, "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. आता कप कोणता येतो ते प्रियंकानं बघितलं. ते बघायची सवय तिला आईकडून आली होती. श्रीवत्सच्या हातात होता तसाच, निळ्या काठाचा कप आला. एवढ्यावरून फार काही ठरत नाही, हेही तिला माहीत होतं.

आठ दिवसांनी तक्रार आली. तीन नंबर बंद.

प्रियंका बीदरहून बस पकडून आली. मागच्या दाराशी, पांढऱ्या डबीत, वायरीची पिन निसटलेली होती. तिनं पिन बदलली. श्रीवत्सनं पुन्हा शिडी धरली आणि विचारलं की एवढ्या उंचीवर भीती वाटत नाही का. ती म्हणाली, उंचीची नाही वाटत, खाली उभं राहून वर बघत राहणाऱ्यांची वाटते. तो लगेच दुसरीकडे बघायला लागला, आणि शिडी सरकली.

"सर, शिडीकडं तरी बघा—"

"म्हणजे नेमकं कुणीकडं बघू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा..."

परतीच्या बसमध्ये भालकी येईपर्यंत ती खिडकीशी हसत होती. आपण हसतोय हे शेजारच्या बाईंनी विचारल्यावर तिला कळलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीन नंबर बंद. तीच पिन, तीच डबी. या खेपेला श्रीवत्सनं हुरड्यासोबत खायच्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी बांधून दिली आणि तिनं ती घेतली. पण दुकानात मल्लेश्वरी अक्कानं दुसरी तक्रार फळ्यावर लिहिली, तेव्हा प्रियंकानं महिन्याचे उरलेले दिवस मोजले.

दुकान अक्काचं, आणि नियमही अक्काचा. महिन्यात एकाच घरातून तीन तक्रारी आल्या, की त्या माणसाला मोठं काम नाही. आणि मोठं काम समोर होतं. बीदरजवळच्याच कोळारच्या औद्योगिक वसाहतीतलं एक गोदाम, चाळीस कॅमेरे, सगळी जबाबदारी प्रियंकावर. तिच्या वडिलांनी, बाबूलालनी, त्याच वसाहतीत वीस वर्षं पोती वाहिली होती. त्या फाटकातून आपली मुलगी कामाची मुख्य म्हणून आत जाणार, हे त्यांनी गल्लीत चार घरी सांगूनही टाकलं होतं. ते काम तिला हवं होतं. इतकं हवं होतं की तिसरी तक्रार आली, तेव्हा तिला मास्तरांचा पहिल्यांदा राग आला.

तक्रार कमलनगरहूनच होती. तीन नंबर.

ती घरात शिरली ती शिडी न मागताच. श्रीवत्स सुट्टी टाकून घरी होता, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. हे बघून तिची खात्रीच पटली.

"सर, वायर तुम्हीच काढायलात ना?" तिनं विचारलं. "तुमची मजा व्हायलीय, माझं कोळारचं काम जायलंय. तीन तक्रारी झाल्या की ते दुसऱ्याला देतात."

श्रीवत्सचा चेहरा उतरला. "तीन तक्रारींचं मला म्हाईत नव्हतं," एवढंच तो म्हणाला.

आपण नाही काढली, असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. मग प्रियंका बैठकीत टीव्हीसमोर बसली आणि महिनाभराचं रेकॉर्डिंग लावलं. वायरीच्या डबीचा कोपरा दोन नंबरच्या कॅमेऱ्यात कडेला जेमतेम दिसत होता. काल सकाळचं तिनं मागे मागे नेलं. दहा वाजून पाच मिनिटांनी तिथं एक लाकडी स्टूल आलं. स्टुलावर सुमतीबाई चढल्या, त्यांनी दोन बोटांनी, वाती वळाव्यात तशी, पिन पिळून ओढली आणि स्टूल परत नेलं.

पहिल्या तक्रारीच्या दिवशीही त्याच. दुसऱ्या तक्रारीच्या दिवशीचं बघायला गेली तर त्या वेळेला लाइट गेली होती, रेकॉर्डिंगच नव्हतं. तीही त्यांनीच काढली असणार, असं तिनं धरून टाकलं.

पण का? ते तीन नंबरनंच दाखवलं. रोज सकाळी सुमतीबाई ओट्यावर उन्हात पाय पसरून तूर निवडत बसत. शेजारची अंजू येई. दोघी हसायला लागल्या की थोड्या वेळात सुमतीबाईंच्या मांडीवरचा फोन वाजे. आवाज रेकॉर्डिंगमध्ये नव्हता, पण त्यांची मान खाली जायची ती दिसत होती. मग अंजू उठून निघून जायची. असं एकदा नाही, रोज होत होतं. पुण्यात श्रीहरी मोबाईल उघडून बसत असणार: आई, उन्हात कामून बसलीस, ती बाई रोज कामून येते.

प्रियंकाला स्वतःचीच लाज वाटली. कॅमेरा तिनंच तसा वाकवला होता. आणि बिचाऱ्या मास्तरांवर उगाच तोंड टाकलं होतं.

तिनं घाईनं बटण दाबलं, तर पडद्यावर एक नंबर आला. फाटक. ती यायची होती त्या प्रत्येक दिवसाचं फाटक. नऊ चाळीसला श्रीवत्स बाहेर येऊन रस्त्याकडे बघतो. नऊ पन्नासला पुन्हा. दहाला शर्ट बदलून पुन्हा. एकदा तर बसचा धूर दिसल्याबरोबर आत पळाला आणि बेल वाजल्यावर, जणू आत्ताच कळलं, अशा थाटात सावकाश दार उघडायला आला.

श्रीवत्स तिच्या मागं येऊन उभा होता.

"निळा शर्ट कामून बदललात?" तिनं मान न वळवता विचारलं. "तो बरा होता."

श्रीवत्सनं चष्मा वर सारला. "मोबाईलवर मलाही दिसतं फाटक," तो म्हणाला. "बेल वाजवायच्या आधी तुम्ही फोनमध्ये बघून केस नीट करता... तिन्ही वेळा केलात."

हे खरं होतं. तिचा हात आपोआप केसांकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

सुमतीबाई चहा घेऊन आल्या त्या नेमक्या याच वेळी, आणि प्रियंकानं गडबडीत पुन्हा दोन नंबर लावला, तर पडद्यावर त्या स्वतःच स्टुलावर चढलेल्या. ट्रे त्यांनी सांभाळून खाली ठेवला.

"श्रीहरीला सांगू नको माय," त्या हळू म्हणाल्या. "कळलं तर तो मला पुण्याला नेईल."

प्रियंकाचा फोन वाजला. अक्का. मागे दुकानातली गिऱ्हाइकं बोलत होती, त्यामुळे ऐकू यावं म्हणून प्रियंकानं स्पीकर लावला. अक्कानं विचारलं, कारण काय निघालं? कारण फळ्यावर लिहायचं होतं, आणि पुण्याहून ज्यानं काम दिलं त्यालाही कळवायचं होतं. प्रियंकानं सुमतीबाईंकडे बघितलं. मग तिला वडील आठवले, गोदामाचं फाटक आठवलं.

"पिन ढिली बसली होती अक्का," ती म्हणाली. "माझीच चूक."

पलीकडे अक्कानं नाराजीचा श्वास सोडला. मग कोळारचं दुसऱ्याला द्यावं लागेल, असं ती म्हणतच होती, तोवर श्रीवत्सनं पुढे होऊन फोन घेतला.

"अक्का, मी घरमालक बोलायलोय. तिची चूक न्हाई. वायर मी काढली."

"तुम्ही? सर, शिकवणारी माणसं तुम्ही. सोताच्या घरची वायर कामून काढायलात?"

त्यानं आईकडे बघितलं नाही, प्रियंकाकडेही नाही. हातातल्या फोनकडेच बघत राहिला.

"ती यावी म्हणून," तो म्हणाला.

मग अक्का हसायला लागली, ती थांबेचना. असली तक्रार फळ्यावर कुठल्या रकान्यात लिहू, असं तिनं विचारलं. मग प्रियंकाला म्हणाली, पुण्याला काय कळवायचं ते मी बघते, कोळार प्रियंकाचंच, आणि मास्तरांना सांग, म्हणावं आता कमलनगरात तोंड लपवायला जागा शोधा. फोन बंद झाला. संध्याकाळच्या बसनं ही बातमी गावात पोचणार हे तिघांनाही ठाऊक होतं.

"माझ्यासाठी दुसऱ्याचं अंगावर कामून घेतलंत?" प्रियंकानं विचारलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

श्रीवत्स काही बोलायच्या आत सुमतीबाई बोलल्या. "सगळं दुसऱ्याचं न्हाई माय. मी दोनदाच काढली. मधली माझी न्हवं."

श्रीवत्सच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "लाइट गेली होती तेव्हा..." तो म्हणाला. "नियमाचं खरंच म्हाईत नव्हतं, प्रियंका. कळल्यापासून जीव थाऱ्यावर न्हाई."

तिला राग आला. चांगलाच आला. तिचं काम जाता जाता राहिलं होतं. आणि त्या रागाच्या शेजारीच इतका आनंद झाला की दोन्हींतलं आधी कुठलं दाखवावं हे तिला कळेना. तिनं पिशवी उचलली, मागच्या दारी गेली, पिन पक्की बसवली आणि तीन नंबरचा कॅमेरा वर उचलून मागच्या फाटकाकडे वळवला. ओटा आता कुणालाच दिसणार नव्हता. श्रीवत्स न सांगता येऊन शिडी धरून उभा होता.

सुमतीबाई ओट्यावर येऊन बसल्या. "तुझं आडनाव मी पहिल्याच दिवशी इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "त्याचं काय करायचं ते माझं मला अजून कळंना. येळ लागंल. खोटं कशाला सांगू."

"लागू द्या, काकू," प्रियंका म्हणाली. "मला घाई न्हाई."

ती खाली उतरली. श्रीवत्सचे हात अजून शिडीवरच होते, आणि ती इतकी जवळ उभी होती की त्याला चष्मा सारायचंही सुचेना.

"सर," ती म्हणाली, "ह्याच्यापुढं वायर काढायची न्हाई. फोन करायचा. मी येते."