वर न जाणारी म्हातारी

चूल नाही, स्वयंपाकघर नाही, मग वाचनालयाला एवढं उंच धुराडं कशाला? तापीकाठच्या त्या शहरात नवं वाचनालय झालं तेव्हापासून जो तो हेच विचारत होता. केतकीला मात्र आज वेगळीच काळजी होती. मुलांचं दालन भट्टीसारखं तापलं होतं आणि ग्रंथपाल नारखेडेबाईंनी सांगून टाकलं होतं, "उद्यापासून दालन बंद. आता पावसाळ्यातच उघडू." केतकीला रडूच आलं. घरी भावंडांच्या कल्ल्यात तिला वाचायला जागा नव्हती.

ती धुराड्याखाली बसून होती. दारातून रुईची एक म्हातारी तरंगत आली, जरा घुटमळली आणि खाली बसली. केतकी चमकली. धुराडं धूर वर ओढतं, मग हिला का नाही?

"पानकरकाका, म्हातारी वर का जात नाही?"

पानकरकाका म्हणजे पुस्तकं लावणारा यंत्रमानव. सगळी पुस्तकं पाठ, पण व्यवहारज्ञान बेताचंच. ते म्हणाले, "ज्येष्ठ नागरिकांसाठी लिफ्ट आहे."

"ती नव्हे हो, ही!" केतकीने तो पांढरा झुपका त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"अच्छा!" काकांनी भिंतीवर वाचनालयाचा उभा छेद (इमारत कलिंगडासारखी उभी चिरली तर दिसेल ते चित्र) दाखवला. "उन्हाने या मनोऱ्यातली, म्हणजे तुमच्या धुराड्यातली हवा तापते. तापली की पसरते, हलकी होते आणि वर निघून जाते. तिच्या जागी जमिनीखालच्या बोगद्यातून गार हवा आत येते. हे नैसर्गिक वायुवीजन (यंत्राशिवाय हवा खेळती ठेवणं)."

"म्हणजे ऊनच आपल्याला गारवा देतं?"

"हो. पण वरची झडप उघडी हवी. सध्या ती बंद आहे."

"मग ती बंद कोणी केली?"

"मीच. बाईंचा हुकूम होता."

बोलणं ऐकून तिथे आलेल्या नारखेडेबाई ओशाळल्या. "अगं, चूल नाही तर धुराडं कशाला, असं वाटलं मला. नुसती कबुतरं यायची."

"मग जाळी बसवू या ना, बाई!"

झडप करकरत उघडली. बराच वेळ काहीच झालं नाही. केतकीचा जीव टांगणीला लागला. मग जमिनीलगतच्या झरोक्यातून गार झुळूक तिच्या पायांना लागली. तिने म्हातारी सोडली. ती गिरकी घेत चढत गेली आणि उजेडात दिसेनाशी झाली.

"बाई, म्हातारी वर गेली!"

पानकरकाका गंभीर झाले. "दुखवटा पाळायचा का?"

बाई पोट धरून हसल्या आणि 'दालन बंद'ची पाटी त्यांनी स्वतःच उतरवली. "आता याला धुराडं म्हणायचं नाही हं कुणी."

"म्हणू देत की," केतकी वर बघत म्हणाली. "फक्त आमच्या शाळेलाही असं एक धुराडं हवं."