धुराची चौकशी

हे पहिल्यांदा आमच्या दारात आले ते माझ्या वडिलांना चोर ठरवायला.

संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं, त्याच्या पहिल्याच थंडीतली गोष्ट. ग्वाल्हेरातल्या गोरखी महालामागची एका सरदारांची कोठी सरकारी कचेरीसाठी गेली होती. माझे वडील कान्होजी, आमचे आबा, तिथले आबदार, म्हणजे पाहुण्यांचं पाणी, सरबत, दारू सगळं त्यांच्या ताब्यात. वीस वर्षं दारू सांभाळली, पण थेंब जिभेला लावला नाही. सामानाची यादी करायला आबकारी खात्यातून हे आले. अंगात नवा कोट, आणि मान अशी ताठ की जणू संस्थान यांनीच विलीन करून घेतलं.

कोठीत एक विलायती पेटी निघाली. स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या बारा बाटल्या, कुण्या गोऱ्या पाहुण्याची भेट. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात लाख वितळून सगळी सीलं विस्कटलेली. यांनी एक बूच काढलं आणि नाक मागे घेतलं. व्हिस्कीला दवाखान्याचा वास. बाराही बाटल्यांना तोच. कुणीतरी आतली पिऊन टिंक्चर घालून ठेवलंय, असाच अर्थ निघत होता. आणि किल्ली एकट्या आबांकडे.

त्या दिवशी आबा ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी हे जबाब घ्यायला घरी आले, नमुन्याची बाटली घेऊन. आबा पूजेला बसले होते. मी अठरा वर्षांची. शाळा तिसरीपर्यंत, पण नाक माझं आधीपासून सगळ्यांत पुढे. मी सरळ बाटली उचलली.

"हात नका लावू, सरकारी आहे."

"वास तर सरकारी नाही ना?"

थेंबभर तळहातावर घेऊन चोळला. वरवर टिंक्चर, खरं आहे. पण ते उडालं आणि खाली धूर राहिला… डाळीत निखारा ठेवून आपण धुंगार देतो ना, तसा.

"औषध ओतणारा माणूस धूर कुठून ओतेल?" मी विचारलं.

यांनी वाकून माझा तळहात हुंगला. श्वास हाताला लागला. मी हात मागे घेतला… जरा उशिराच.

मग हळूच म्हणाले, "सच बताऊं? ही पेटी मी यादीत धरतच नाही. बात खतम."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मेहेरबानी नको. उद्या लोक म्हणतील, मुलगी बघून सोडलं. बाटलीवर पत्ता असेल. तुम्हाला इंग्रजी येतं. ज्यांनी बनवली त्यांनाच विचारा."

यांनी खरंच पत्र टाकलं. उत्तर येईपर्यंत अहवाल थांबला, आणि आबांची नव्या सरकारातली नेमणूकही.

मग दर गुरुवारी हे यायचे, पत्र आलं नाही एवढं सांगायला. आले की बसायचे. तो धूर कशाचा, हे आम्हाला दोघांनाही चैन पडू देईना. मी सिगडीवर एकेक जाळून बघायची. गोवरी झाली, बाभूळ झाली, कडुनिंब झाला, वाळ्याच्या मुळ्या झाल्या. हे एकदा बाटली हुंगायचे, एकदा धूर, आणि मान हलवायचे. एकदा म्हणाले, कचेरीत विचारतात, दर गुरुवारी कुणाला स्मशानात पोचवून येता? मी म्हटलं, नवा कोट घालून धुरात बसायला सांगितलंय कुणी? म्हणाले, जुना घातला तर तुम्ही बघणार नाही. मी सिगडी फुंकत राहिले… विझलेली नव्हती तरी.

चैत्रात पुडकं आलं. त्यात पत्र, आणि कागदात गुंडाळलेलं काळं, हलकं ढेकूळ. यांनी वाचून सांगितलं. समुद्रातलं बेट आहे, तिथे लाकूड कमी. दलदलीत शेकडो वर्षं कुजलेल्या झाडपाल्याची माती विटांसारखी कापतात, वाळवतात आणि जाळतात. तिच्या धुरावर भिजवलेले जव सुकवतात. त्या वासासाठीच त्यांची व्हिस्की नावाजलेली.

"माती जळते?" मी म्हटलं.

"लावून बघू."

ढेकूळ निखाऱ्यावर ठेवलं. आधी नुसतंच तापलं, मग निळसर धूर निघाला. टिंक्चर, खारटपणा, धुंगार, सगळं एकदम. आबा आतून आले. सिगडीपाशी वाकले. मग खाली बसले आणि म्हणाले, "हाच." पंचा तोंडाला लावला तो काढला नाही. कित्येक महिन्यांनंतर त्या दिवशी माझा बाप पोटभर जेवला.

अहवालात यांनी पत्र जोडलं. भेसळ नाही, असं लिहिलं. आबांना नेमणूक मिळाली.

गुरुवारी हे पुन्हा आले. आता सांगायला काही नव्हतं. मी चहा ठेवला.

"उद्या दफ्तर इंदूरला निघतंय," म्हणाले. "उन्हाळ्यात सरकार तिकडेच."

"मग जा."

"कान्होजींकडे एक मागणं होतं…"

"आबांकडे नंतर. आधी मला विचारा."

ताठ मान खाली आली. "विचारतोय…"

चहाला उकळी फुटेपर्यंत मी यांना तसंच उभं ठेवलं. आमच्या घरच्या मुली परक्या पुरुषासमोर कप खाली ठेवत, हातात देत नसत.

मी हातात दिला.