भिंतीपलीकडचा दिवा

चारशे अकरा, चारशे बारा... ती मनातल्या मनात तारेचे वेढे मोजत होती, आणि नेमकं तेव्हाच दारातून कुणीतरी विचारलं, "ताई, तांब्याची बारीक तार मिळेल का?"

झालं. आकडा गेला. जळक्या मोटरींना नवी तार भरून देणाऱ्या त्या दुकानात एकच नियम होता : वाइंडिंगवाली मोजत असताना अवाक्षर काढायचं नाही. चांगलं झापायचं म्हणून तिने मान वर केली. दारात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा निळा शर्ट घातलेला एक उंच तरुण उभा होता. बोटं ग्रीसने माखलेली, आणि डोळ्यांत असा उत्साह, की तिचं झापणं तोंडातच राहिलं.

"चारशे बारा वेढे वाया घालवलेत तुम्ही," ती एवढंच म्हणाली. "आणि ताई म्हणू नका."

"नाही म्हणत," तो पटकन म्हणाला. "आणि वेढे... मी मोजतो ना, पहिल्यापासून."

खरंच स्टूल ओढून बसला की तो! आणि एकही आकडा न चुकता मोजलंही.

दुकानामागची खोली त्याने नुकतीच भाड्याने घेतली होती. मधे फक्त एक फळ्यांची भिंत. तारेचं काय करणार, असं विचारल्यावर तो खुलला. कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर जोडून तो अशी वीज काढणार होता, जिला ना बॅटरी लागते, ना मीटर. गल्ल्यावर बसलेल्या तिच्या बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्याचं नाव तिथल्या तिथे 'फुकटराव' ठेवलं. ट्रान्सफॉर्मरमध्ये घालावं त्याहून थोडं कमीच बाहेर येतं, हे तिला शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. तसं तिने सांगितलंही. पण तो हातवारे करत बोलायला लागला की ऐकतच राहावंसं वाटायचं, त्याला ती काय करणार? पाच हजार वेढ्यांची कॉइल तिने त्याला स्वतःच्या हाताने भरून दिली.

आणि एका सकाळी तो धावतच आला. दिवा लागला होता! बॅटरीशिवाय, कशालाही न जोडता. मशीन बंद करून ती त्याच्यामागे पळाली. खोलीत टेबलावर, भिंतीला टेकून कॉइल होती, तिच्या टोकांना छोटासा दिवा, आणि दिवा ठार विझलेला.

"आत्ता... आत्ता होता," तो गोरामोरा झाला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्याने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला, तर बाबा म्हणाले, बॅटरी टेबलाखाली असेल. तिला वेगळाच संशय यायला लागला होता. खोलीवर बोलावण्याचा हा बहाणा तर नव्हे? संशय तसा गोड होता, त्यामुळे तिने तो फार तपासला नाही.

मग एका शनिवारी त्याने आपली वही तिच्यापुढे ठेवली. सोमवारी तो नोकरीचा राजीनामा देणार होता, पूर्ण वेळ प्रयोगाला देणार होता. आकडे तुमच्याइतके कुणी नीट पाहत नाही, तेव्हा एकदा नजर टाका, म्हणाला आणि कामावर गेला.

तिने वही उघडली. गेला आठवडाभर रजा काढून त्याने तासातासाच्या नोंदी केल्या होत्या. दिवा लागला, सकाळी दहा ते एक. विझला, एक ते दोन. रविवारी नाही. गुरुवारी दिवसभर नाही...

एक ते दोन तिची जेवणाची सुट्टी. रविवारी दुकान बंद. गुरुवारी ती तापाने घरी होती. तिने भिंतीकडे पाहिलं. भिंतीला लागूनच तिचं तपासणीचं मशीन होतं, उघड्या लोखंडावर भरलेली भलीमोठी कॉइल. बाबा त्याला हात लावत नसत. ते मशीन गुरगुरलं की फळ्यांपलीकडच्या कॉइलमध्ये वीज उतरत होती. आणि ती दिवा बघायला जायची, ती मशीन बंद करूनच!

सांगितलं नाही, तर त्याची नोकरी जाणार. सांगितलं, तर तो कशाला पुन्हा या दुकानाची पायरी चढेल? संध्याकाळी तो आला, तेव्हा तिने मन घट्ट केलं. त्याला खोलीत बसायला सांगितलं आणि मशीन तीनदा चालू-बंद केलं. तो परतला तेव्हा चेहरा उतरला होता. "तीनदा," म्हणाला, वही उचलली आणि निघून गेला.

रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. तिने एका मोटरीत दोनदा चुकीचे वेढे भरले. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ती मोटर बाजूला ठेवून दिली.

बुधवारी दुपारी ती मोजत होती. दारात सावली पडली, पण आवाज आला नाही. सहाशे पूर्ण होऊन तिने चाक थांबवलं, तेव्हाच तो बोलला.

"राजीनामा फाडला. वही मात्र पुन्हा वाचली... गुरुवारी, तुम्ही दुकानात नव्हतात तेव्हा, मी सगळ्या जोडण्या चाळीस वेळा तपासल्या होत्या. दिवसभर चैन नव्हतं. दिव्यासाठी नव्हतं ते."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मी खोलीत जाऊन बसतो," तो म्हणाला. "तुमच्या मनात असेल, तर दिवा लावा. नसेल तर... राहू द्या. मी समजेन."

तो गेला. तिने धावत जाऊन मशीनचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. वर पाहिलं, तर पंखा हळूहळू थांबत होता. वीज गेली होती! आणि पलीकडे तो विझलेल्या दिव्यासमोर बसला होता. ती तशीच, हातात तारेचं टोक घेऊन, गल्लीला वळसा घालून धावली.

"वीज गेलीये," ती धापा टाकत म्हणाली. "नाहीतर मी लावला होता. दोनदा दाबलं बटण. तू काही भलतंसलतं समजू नकोस."

तिच्या तोंडून 'तू' निघाल्याचं दोघांनाही एकदमच कळलं.

"इथलाही पंखा थांबला, तेव्हाच कळलं होतं," तो हळूच म्हणाला.

"मग बाहेर का नाही आलास?"

"म्हटलं, बघू... दिवा स्वतःच चालत येतो का."

ती लटकंच रागावणार, तोच डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. त्यामागोमाग भिंतीपलीकडे मशीन गुरगुरलं, आणि टेबलावरचा तो छोटासा दिवा लागला. तिने तो लागलेला पहिल्यांदाच पाहिला. पण ती तर इथे होती; मग मशीन कुणी लावलं?

फळ्यांपलीकडून बाबांचा खोकला आला. दिवा एकदा विझला, आणि पुन्हा लागला.