बेकरी सोमवारी बंद

"छत्तीस पूर्णांक चार," स्टुलावर चढून ती मोठ्यांदा म्हणाली.

"आमच्याकडे दोनशे वीस," भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं.

ती पडता पडता वाचली. शाळेच्या आवाराच्या मागच्या भिंतीला खेटून झडपांची एक पांढरी पेटी होती, पेटीत तापमापक. रोज दुपारच्या सुट्टीत तो वाचायचा आणि लिहून ठेवायचा, हे तिचं काम. त्या ओसाड कोपऱ्यात एरवी चिटपाखरू फिरकत नसे. पण आता भिंतीवर आधी दोन पिठाळ हात आले, मग पिठाळ केस, मग एक हसू…

"भट्टीचं म्हणतोय मी," तो म्हणाला. "तू कशाचं म्हणतेस?"

गेल्या वर्षी भिंतीपलीकडे बेकरी सुरू झाली होती, आणि हा बेकरीवाल्यांचा मुलगा. सकाळी कॉलेज, दुपारी भट्टी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भिंतीवर होता. तिसऱ्या दिवशी त्याने बिस्किटं आणली, जरा करपलेली. ती म्हणाली, करपलेली बिस्किटं मुलींना देतात का? तो म्हणाला, चांगली विकायची असतात. तिला हसू आवरेना, आणि नेमका त्या दिवशी आकडा लिहायचा राहिला. घंटा झाल्यावर धावत परत यावं लागलं!

खरं तर वर्षापूर्वी ही मुलगी चार लोकांत तोंड उघडत नसे. भूगोलाच्या बाईंनी तिला तापमापक सोपवला आणि रोज सकाळी शाळेसमोर कालचं तापमान सांगायला लावलं. पहिला आठवडा आवाज फुटला नाही. मग जो फुटला तो फुटलाच. दादा तिला लाउडस्पीकर म्हणायला लागला. मध्ये कडाक्याची थंडी पडली, तेव्हा आजोबा घोंगडीतून म्हणाले, "तुझं ते तापलेलं जग जरा इकडे पाठव गं." तीही काही कमी नव्हती. "आजोबा, एका दिवसाची थंडी म्हणजे माणसाचा एका दिवसाचा राग. हवामान म्हणजे स्वभाव. तो वर्षानुवर्षं बघून कळतो." आजोबा आजीकडे बघून म्हणाले, खरंय, मला अजून कळलेला नाही.

आता विज्ञान प्रदर्शन आलं होतं. सगळ्या शाळांसमोर ती बोलणार होती. तक्त्याचं नाव होतं, 'आपली शाळा तापतेय'. आधीच्या मुलींनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेल्या आकड्यांची रेघ वर-खाली हेलकावत हळूच चढत होती, आणि गेल्या वर्षी त्या रेघेने मांजरासारखी उंच उडी घेतली होती. त्या उडीवर तिचा भारी जीव होता. सगळं भाषण त्या उडीवरच उभं होतं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी तो भिंतीवर बसला, पण बिस्किटं न आणता.

"एक सांगू? तुझी पेटी ज्या भिंतीला टेकलीय ना… तिच्या मागेच आमची भट्टी आहे."

तिने भिंतीवर तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला. इतके दिवस ती पेटीत डोकं घालत होती, पण भिंतीला कधी हात लावला नव्हता.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

तो पिठाळ नखं बघत राहिला. "सोमवारी बेकरी बंद असते. सोमवारचे आकडे वेगळे काढून बघ," एवढंच म्हणाला.

ती वही मिटून निघून गेली. लाउडस्पीकर बंद.

घरी तिने सोमवार तेवढे लाल पेन्सिलने रंगवले. ते मोजकेच होते, आणि कधी इकडे तर कधी तिकडे पळत होते. पण त्यांत उडी नव्हती. उडी भट्टीची होती. भाषण कोसळलं. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं, परीक्षक थोडेच भिंतीला हात लावून बघणार होते? पण रोज सकाळी जो आवाज सापडला होता, तो खरा आकडा सांगतानाच सापडला होता ना… तिने तक्त्यावरचं नाव खोडलं.

प्रदर्शनात तिने उडी दाखवली, लाल ठिपके दाखवले आणि भट्टीही सांगितली. एक परीक्षक मिस्कील हसून म्हणाले, "म्हणजे जग तापतंय हे सगळं थोतांड?"

तिने लाल ठिपक्यांवर बोट ठेवलं. आवाज रोज सकाळचाच, मोठा.

"नाही सर. ते जगभरातल्या हजारो ठिकाणी, जमिनीवर आणि समुद्रातही मोजून कळलंय. माझ्या एका पेटीवरून ते खरंही ठरत नाही आणि खोटंही. तिच्यावरून फक्त एवढंच कळतं, की बेकरीला सोमवारी सुट्टी असते."

हशा पिकला. परीक्षकांचाही. बक्षीस दुसऱ्याच शाळेला गेलं, पण बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भिंतीवर होताच.

"त्या दिवसापासून बोलली नाहीस. हा राग आहे," त्याने हळूच विचारलं, "की स्वभाव?" आजोबांचा तो किस्सा तिनेच त्याला कधीतरी सांगितला होता.

"आधी सांग. कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"सांगितलं असतं तर पेटी हलवली असती." त्याने केसांतलं पीठ झटकलं. "आणि तू आली नसतीस."

"मग आता का सांगितलंस?"

"पुढे कुणाला कळलं असतं, तर लोक तुला हसले असते… ते मला बघवलं नसतं."

कुठल्यातरी वर्गातून पाढे ऐकू येत होते. ती स्टुलावर चढली. आता दोघांचे डोळे एका उंचीवर होते.

"बाई म्हणाल्या, मैदानाच्या पार टोकाला मोकळ्यावर पेटी लावायची. नवीन."

"चांगलं आहे," तो म्हणाला, आणि भिंतीवरून उतरायला लागला.

"अरे, पूर्ण ऐक तरी. जुनीही इथेच राहणार. दोन्ही रोज वाचायच्या, म्हणजे भट्टीने नेमका किती फरक पडतो ते कळेल. वर्षभर तरी. मीच सुचवलं."

"कशासाठी?"

"तुलनेसाठी," ती म्हणाली. मान खाली घालून, पण चांगलं मोठ्यांदा.

तो हसला. "आणि सोमवारी? सोमवारी भट्टी नसते."

"भट्टी नसली म्हणून काय झालं," ती म्हणाली, "तू येत जा."