नीट चाल

मिरजेच्या गतिमापनशाळेत भिंतभर पडद्यावर वीस वर्षांची ऋजुता ताठ मानेने चालत होती. खरी ऋजुता नऊ वर्षांची होती आणि खुर्चीत बसून बिस्किट खात होती. जन्मावेळी मेंदूला झालेल्या इजेमुळे ती टाचा न टेकवता, गुडघ्यावर गुडघा घासत चाले.

"हे तिचं चालबिंब," अभियंता पराग हुक्केरी म्हणाला. "संवेदकांनी तिच्या प्रत्येक स्नायूचा ताण, आवाजानं दचकल्यावरचाही, मोजला; त्यावरून संगणकानं हे जुळं शरीर घडवलं. याचं वय पुढं नेऊनही बघता येतं. शस्त्रक्रिया आधी याच्यावर, मग हिच्यावर."

"आखडलेले पाच स्नायू लांबवावे लागतील," अस्थिशल्यविशारद डॉ. शहनाज मुजावर म्हणाल्या. "एकाच वेळी."

"आणि जरुरीपेक्षा जास्त लांबवले गेले तर?" ऋजुताच्या आजीने, कुमुदिनीबाईंनी विचारले. एकतीस वर्षे मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईंचा आवाज खणखणीत होता. पदराचे टोक मात्र बोटाला करकचून गुंडाळलेले होते.

"तर पाय दुबळे पडतील. ती गुडघ्यांत वाकून चालेल, कदाचित जन्मभर. म्हणून तर मोजमाप अचूक हवं."

पडद्याच्या कोपऱ्यात आज सकाळी टिपलेली चाल दिसत होती. ऋजुताने तिकडे बोट दाखवले. "ती मी नाहीच."

"मग कोण, शेजारची?" कुमुदिनीबाईंनी विचारले.

"ती मोठ्या आईसमोरची मी," ऋजुताने आजीकडे बोट वळवले. "मोठी आई प्रत्येक फेरीला ओरडत होती, 'नीट चाल!' स्वयंपाकघरात मी अशी चालत नाही."

"काहीतरीच!" कुमुदिनीबाई म्हणाल्या. पण पराग गंभीर झाला.

"धास्तीनं असे स्नायू आणखी आवळतात. संवेदकाला ताण कळतो, ताणाचं कारण कळत नाही."

मोजमाप पुन्हा झाले. या खेपेस कुमुदिनीबाई काचेपलीकडे, ऋजुताला दिसणार नाहीत अशा उभ्या होत्या. आत नात गुणगुणत चालली आणि तिची उजवी टाच जमिनीला टेकली. डावीही अधूनमधून टेकू लागली. नव्या चालबिंबाला पाच नव्हे, दोनच स्नायू लांबवणे पुरेसे होते. बाईंनी दोन्ही मोजमापे ताडून पाहिली. सकाळच्या आकड्यांवर शस्त्रक्रिया झाली असती तर?

"घरच्या वातावरणातली चाचणी राहिली," पराग म्हणाला. त्याने चालबिंबाला मिक्सरचा आवाज ऐकवला, दाराची घंटा ऐकवली. ते वर्षामागून वर्षे चालत राहिले. मग त्याने बाईंकडे पाहिले.

"माझा आवाज घाला," कुमुदिनीबाईंनी हुकूम सोडला.

"नीट चाल!" सकाळचे ध्वनिमुद्रण दुमदुमले. पडद्यावरच्या टाचा उचलल्या गेल्या. रोजच्या ताणाने स्नायू वर्षागणिक पुन्हा आखडत गेले. वयाच्या चौदाव्या वर्षी चालबिंब कोसळले. परागने चाचणी पुन्हा घेतली. ते पुन्हा कोसळले.

"दोन स्नायू मी लांबवीन," डॉक्टर हलकेच म्हणाल्या. "उरलेले तीन…"

"माझ्याकडे," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ऋजुताने चाकांची खुर्ची नाकारली. शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत चालत जाण्याचा तिचा हट्ट होता. मध्येच तिचा तोल गेला, तिने भिंत धरली आणि घाबरून मागे पाहिले. कुमुदिनीबाईंचे तोंड सवयीने उघडले. शब्द ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"कशीही चाल गं, बाळा."

ऋजुताने भिंत सोडली.

"मोठ्या आई, तुला बरं नाहीय का?" तिने विचारले, आणि विचारता विचारता तिची टाच फरशीला टेकली.